नऊ पाट्यांचं स्वागत

कुठलीही गोष्ट शेवटच्या कणापर्यंत फोडली की तिचं सत्य हाती लागतं, असं राजधानीच्या द्वारका भागातल्या आमच्या मराठी मंडळाचे सचिव सांगत. ते सॉफ्टवेअरमधले. पोहेसुद्धा आधी शेंगदाणे, मिरच्या, कढीपत्ता वेगळा काढून मगच खात.

गणेशोत्सवात मुलांनी एकेका अक्षराची पाटी धरून ‘सुस्वागतम’ दाखवायचं ठरलं, तेव्हा शब्द त्यांनी प्रोग्राममध्ये घालून फोडला. पाच मुलांत भागलं असतं. प्रोग्रामने काना, उकार, अक्षराचा पाय मोडायची खूण, सगळं सुटं करून नऊ पाट्या छापल्या. सहा वर्षांच्या एका मुलीच्या वाट्याला नुसता उकार आला.

“अंकल, ये तो सिर्फ पूँछ है,” ती रडवेली झाली.

“बेटा, कॉम्प्युटरच्या हिशेबी तूसुद्धा पूर्ण अक्षर आहेस.”

“तो आप पकड़ो ना!”

पाहुण्यांना गुच्छ सचिवांनीच द्यायचा होता, त्यासाठी नवं जाकीट शिवलं होतं. गुच्छ त्यांनी तिच्या हातात दिला आणि पाटी घेतली.

उकार अक्षराच्या खाली येतो. त्यामुळे पाहुणे आले तेव्हा सचिव पहिल्या मुलाच्या पायाशी मांडी घालून बसले होते.