खंडेनवमीचा तो मेमो

सोनवणे सरांची आणि माझी ओळख भांडणाने झाली. निघोजेच्या बाजूला असलेल्या आमच्या कंपनीत मी तेव्हा नुकतीच लागले होते. माल घेऊन येणाऱ्या गाड्यांना गेट पास देणारं पोर्टल ज्या सर्व्हरवर चालतं, त्याचं सुरक्षा सर्टिफिकेट बदलायचं काम सरांनी माझ्याकडे दिलं. मी नवी फाइल जागेवर ठेवली आणि "झालं सर" म्हणून मोकळी झाले. सर म्हणाले, "गेटच्या बाहेर टपरीपाशी जा अन् स्वतःच्या मोबाइलवर बघून या." भर उन्हात गेले, तर मोबाइलवर सर्टिफिकेटची तारीख जुनीच! परत येऊन मी तावातावाने म्हटलं, "फाइल बदललीय ना? आता आणखी काय करायचं?" सर शांतपणे म्हणाले, "तुम्ही ठेवली हो, पण सर्व्हरनं वाचली का? रीलोड मारल्याबिगर त्याला कसं कळणार?"

मी चिखलीची. आमच्या घरात बोलणं म्हणजेच भांडण. त्यामुळे आवाज न चढवणारा साहेब मला आधी कळलाच नाही. चालू सर्व्हरला हात लावताना सर आधी सेटिंगच्या सगळ्या ओळी तपासत, मगच रीलोड करत. पोर्टल एक मिनिटही बंद पडू देत नसत. "बाहेर ड्रायव्हर गाडीत बसलेला असतो, त्याला आपल्या सर्टिफिकेटाचं काय घेणं?" असं म्हणत. एका छोट्या वर्कशॉपच्या मालकांना पोर्टल जमेना, तर सर जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याशेजारी बसले आणि पास निघेपर्यंत उठले नाहीत. स्वतःचा डबा तसाच घरी नेला.

इथवर ठीक. आता जे लिहिणार आहे ते सरांच्या या गौरवग्रंथाच्या समितीला आवडणार नाही. समितीवर आमचे प्लांटचे साहेब आहेत आणि त्यांनी मला बजावलं आहे, "मॅडम, गोड लिहा." गोड लिहायला मी काय पेढे वाटायला बसले आहे? सरांच्या फाइलमध्ये एक मेमो आहे. साठीनंतर सरांना सल्लागार म्हणून ठेवायची गोष्ट निघाली, तेव्हा हाच मेमो काढून दाखवला आणि विषय संपवला. आता त्याच सरांना शाल, श्रीफळ आणि हा ग्रंथ! तो मेमो ज्या चुकीबद्दल आहे, ती चूक सरांनी केलेलीच नाही.

काय झालं ते सांगते. सर्टिफिकेटाची मुदत संपत आली होती. सरांनी महिनाभर आधी मंजुरी मागितली होती. कागद साहेबांच्या टेबलावर पडून होता. सर घट उठवायला बीडकडे गावी गेले आणि साहेबांची सही झाली ती थेट खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी. खंडेनवमीच्याच दिवशी दुपारी चारला जुनं सर्टिफिकेट संपणार होतं. सकाळी मी नवी फाइल ठेवली, तेवढ्यात पूजेचं ताट आलं. सर्व्हरला हळदकुंकू लागलं, झेंडूची माळ चढली. साहेब म्हणाले, "आता आजच्या दिवस कुणी हात लावायचा नाही." रीलोड राहिलाय, हे मला माहीत होतं. ते मी साहेबांना सांगायला हवं होतं, ओरडून सांगायला हवं होतं. घरी सगळ्यांच्या वर आवाज चढवणारी मी, तिथे मान डोलवून गप्प बसले. लाज वाटते आजही!

चार वाजले आणि सगळ्यांच्या स्क्रीनवर लाल इशारा आला. पास निघेनात. गाड्या गेटपासून पार रस्त्यापर्यंत लागल्या. आमचे साहेब "हॅक झालं, हॅक झालं" करत फिरत होते. मी सरांना फोन लावला आणि रडायलाच लागले. "अगं माय, रडतीस काय? माळ हळूच बाजूला सार, पाया पड अन् रीलोड मार. मशीन हाय ते, रुसत नसतंय." दोन मिनिटांत पोर्टल चालू झालं.

दसऱ्यानंतर चौकशी लागली. साहेब म्हणाले, "मी कुठे हात लावू नका म्हटलं?" तोंडावर, माझ्यासमोर! मी उठून बोलणार, तेवढ्यात सरांनी कागद पुढे केला. "विभाग माझा, चूक माझी" असं लिहून सही करून आणलं होतं. बाहेर आल्यावर मी भडकले. "तुम्ही कशाला घेतलंत सर अंगावर?" तर म्हणतात कसे, "तुझं कन्फर्मेशन पुढच्या महिन्यात हाय. माझं काय, माझं झालं होऊन." काय झालं होऊन, सर? त्या कागदावरून मेमो निघाला, तुमचं प्रमोशन अडलं. तुमच्यानंतर आलेले पुढे गेले. आणि मी कन्फर्म होऊन, पगारवाढ घेऊन गप्प राहिले. साहेबांचा राग येतो, तुमच्या त्या चांगुलपणाचाही येतो, पण सगळ्यात जास्त माझा स्वतःचा येतो.

म्हणून काल मी पर्सोनेल विभागात लेखी पत्र दिलं. रीलोड न करता बसून राहिले ती मी. हात लावू नका म्हणाले ते साहेब. सोनवणे सर त्या दिवशी कंपनीतच नव्हते. तो मेमो त्यांच्या फाइलमधून काढून माझ्या फाइलमध्ये लावा, असं त्यात लिहिलं आहे. पोच घेतली आहे. समितीने हा मजकूर गाळला, तर त्या पत्राच्या प्रती मी समारंभाच्या दारात उभी राहून वाटेन.

सर, हे तुम्हाला इथेच कळतंय. तुम्ही रागवाल. खुशाल रागवा, इतक्या वर्षांत एकदा तरी रागवा. तुमची तब्येत ठणठणीत राहो, तुम्हाला शंभर वर्षांचं आयुष्य लाभो, आणि त्यातलं यापुढचं एकही वर्ष माझी चूक स्वतःच्या नावावर घेऊन काढावं न लागो.