कोकमाच्या रंगाची वाइन

"तिलाच सांग आणायला. ती कुणाजवळ बोलणार नाही. ती मुळात बोलतच नाही!"

हे वाक्य शिरीषदादाचं. स्वयंपाकघरात, वैशालीवहिनीला हळू आवाजात सांगितलेलं. मी मागच्या युटिलिटी रूममध्ये बर्फ काढत होते आणि फ्रीजरच्या उघड्या दारामागे त्यांना दिसत नव्हते. मी दार आवाज न करता लावलं, बर्फ नेऊन टेबलावर ठेवला आणि जागेवर जाऊन बसले.

न बोलणाऱ्या माणसाचा एक तोटा असतो. त्याच्याकडे किस्से साठत जातात. बोलणारी माणसं सांगून मोकळी होतात. रिकाम्या बाटल्या निदान गाडीत घालून बॉटल बँकेत टाकून येता येतं, किश्श्यांचं काय करायचं? तर आज थोडे कमी करते.

आधी माणसं सांगते. ओंगार या परदेशी उपनगरातली आम्ही तीन मराठी घरं, दर शनिवारी दुपारी एकत्र जेवतो. शिरीषदादा आणि वैशालीवहिनी इथे सतरा वर्षं आहेत. दादाचं ऑफिस चेरीवूडला, पण टेबलावरची त्याची नेमणूक 'वाइनमधलं कळणारा' अशी. कधीतरी सहा आठवड्यांचा एक इव्हनिंग कोर्स केला होता, त्यावर. सागर कोल्हापूरचा, एकटा राहतो, नोकरीसाठी रोज मलिंगारला गाडी हाणतो. आणि आम्ही दोघं, निनाद आणि मी. लग्नाला आठ महिने झालेत.

पुण्यात मी एका मसाल्याच्या कंपनीत चव आणि वास तपासायचे. इथे आल्यावर एका छोट्या वाइन शॉपमध्ये आठवड्यातले तीन दिवस काम मिळालं. मालक डेक्लन. त्याने पहिल्या दिवशी तीन ग्लास पुढे ठेवले, मी प्रत्येकाचा वास घेऊन काय वाटलं ते सांगितलं, आणि तो म्हणाला, "ग्रँड. सोमवारी ये."

आमच्या टेबलावर हे सगळ्यांना माहीत आहे. पण माहीत असणं वेगळं आणि लक्षात असणं वेगळं.

*

मी नवी होते तेव्हाची गोष्ट. वहिनीने एक बाटली दिली आणि म्हणाली, "पुढच्या शनिवारी तुमच्याकडे जेवण. तोपर्यंत प्रेसमध्ये ठेव."

इथे प्रेस म्हणजे कपाट. मला तोवर एकच प्रेस माहीत होता, घरमालकिणीने दाखवलेला हॉट प्रेस. त्यात गरम पाण्याची टाकी असते आणि टॉवेल वाळतात. मी बाटली टॉवेलांच्या मध्ये नीट उभी करून ठेवली. आठवडाभर.

शनिवारी निनादने ती ओतली. मी वास घेतला आणि मला कळलं. शिजवलेल्या मनुकांचा वास येत होता! ग्लास हाताला काढ्यासारखा कोमट लागत होता. मी सांगणार, इतक्यात दादाने घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला,

"याला म्हणतात बॉडी! काय भरदार आहे!"

मी टॉवेलांबद्दल काही बोलले नाही. आजही निनाद सोडून कुणाला माहीत नाही.

*

सागरने एकदा तांबडा रस्सा केला. खरा, गावाहून आलेल्या चटणीचा. दादाने त्याबरोबर इटलीची एक जाड, काळपट रेड आणली, "मटणाला ताकद लागते" म्हणून. मी बार्दोलिनो नेली होती. तिकडच्या एका सरोवराकाठची, फिक्या लाल रंगाची, आंबट चेरीसारखी चव, पिऊन झालं की तोंड स्वच्छ. तिथले लोक ती तळ्यातल्या माशांबरोबरही पितात. दुकानातून निघण्याआधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून आणली होती.

दादाने बाटलीला हात लावला आणि दचकला.

"रेड गार केली? अगं, रेड रूम टेंपरेचरला पितात!"

यावर डेक्लनचं एक उत्तर आहे. तो गिऱ्हाइकाला विचारतो, "कुणाच्या रूमच्या?" दादाच्या घरात हीटिंग इतकं असतं, की आम्ही डिसेंबरात बाह्या दुमडून जेवतो. पण मी ते उत्तर तोंडातच ठेवलं. मग दादाने माझ्या बाटलीतला एक घोट घेतला आणि निकाल दिला, "पातळ आहे गं. बाटली विसळल्यासारखी."

जेवण सुरू झालं. रस्सा आणि वर ती जाड रेड. दुसऱ्या घोटाला सागरचे कान लाल, तिसऱ्याला उचकी. कोल्हापूरच्या माणसाला तांबड्या रश्श्याने उचकी! तो शरमेने अर्धमेला झाला.

"तिखट जास्त पडलं वाटतं," तो म्हणाला.

तिखट तेवढंच होतं. तुरट आणि कडक वाइनवर मिरची भडकते, एवढंच. हलकी, आंबटसर असेल तर ती रश्श्याला लिंबासारखी सांभाळून घेते. हे मी सांगायला हवं होतं. मी त्याला दही आणून दिलं.

भांडी उचलताना पाहिलं तर बार्दोलिनोची बाटली रिकामी. वहिनी तोंड पुसत म्हणाली, "पातळ होती ना, म्हणून पटकन संपली."

*

मग श्रीखंडाचा दिवस. वहिनीने निनादला फोन केला. दुकानात काम करते मी, फोन निनादला. "गोडाबरोबर चालेल असं काहीतरी आणा." मी समोर बसून भाजी निवडत होते. निनादने फोनवर शोधलं आणि खूश होऊन परस्पर बाटली घेऊन आला. डोल्चेत्तो! "नावाचा अर्थच 'छोटंसं गोड' आहे!"

नाव गोड आहे, वाइन गोड नाही. छान कोरडी, शेवटी बदामाच्या सालीइतकी कडसर. पिझ्झा, मसूर, मशरूम, कशाहीबरोबर चांगली. केशर घातलेल्या श्रीखंडाबरोबर मात्र शाई प्यायल्यासारखं तोंड होतं. सगळ्यांचं झालं.

परतताना गाडीत निनाद म्हणाला, "तुला माहीत होतं ना? मग सांगायचंस."

"तू विचारलंस का?"

त्याने रेडिओ बंद केला.  विचारायची त्याला सवयच नव्हती. टेबलावर मला कुणी "तू काय घेणार?" विचारलं की उत्तर तो द्यायचा. "तिला थोडीच." "तिला नको." मायेनेच, त्यात वाद नाही. पण महिनोन् महिने आपली उत्तरं दुसऱ्याच्या तोंडून ऐकली की एक दिवस वाटतं, आपला आवाज नक्की कसा आहे?

*

आणि मग माई आल्या. दादाची आई, कुडाळजवळच्या गावाहून, तीन महिन्यांसाठी.

अडचण अशी, की सतरा वर्षांपूर्वी विमानतळावर माईंनी दादाकडून वचन घेतलं होतं: दारूला हात लावणार नाही. दादाच्या मते त्याने ते पाळलंय. वाइन म्हणजे दारू नव्हे, कल्चर! फक्त हे मत त्याने माईंना कधी कळवलं नव्हतं.

वाइनशिवाय शनिवार त्याला चालेना. तेव्हा युक्ती निघाली. माईंसमोर सगळ्यांनी वाइन प्यायची आणि म्हणायचं कोकम सरबत. कोकणातल्या बाईला! त्यासाठी कोकमाच्या रंगाची वाइन हवी, आणि ती आणायची मी. मी बर्फ काढताना ऐकलं ते याच बेताबद्दल.

पुढच्या सोमवारी दुकानात मी पांढऱ्या कागदासमोर एकेक ग्लास धरून रंग बघत होते. डेक्लनने चव विचारणारी, देश विचारणारी माणसं पाहिली होती. रंग जुळवायला आलेली मीच पहिली, जणू साडीवर ब्लाउजपीस शोधतेय. ग्रिन्योलिनो नावाच्या एका वाइनचा रंग तंतोतंत जमला, पण ती दिसते सरबत आणि जिभेला धरते कातासारखी. शेवटी स्कियावा घेतली. इटलीच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागातली, स्ट्रॉबेरीच्या वासाची, इतकी फिकी की ग्लासाआडून पेपर वाचावा.

पहिला शनिवार पार पडला. वरणभात, अळूचं फदफदं, थालीपीठ आणि स्टीलच्या पेल्यांतून स्कियावा. सगळ्यांबरोबर छान गेली. दादाने दोनदा मागून घेतली. मग माझ्या कानाशी येऊन, पहिल्यांदाच माझ्या बाटलीचं कौतुक करत म्हणाला,

"पातळ नाही गं ही. एलिगंट आहे!"

*

माईंचं आणि माझं मात्र जमलं. मी दुपारी त्यांच्याकडे जायचे. त्या वाटण करायच्या, मी मिक्सर धरायचे. त्या मला विचारायच्या. पुण्यात काय करायचीस, इथे थंडी बाधते का, दुकान कसलं. "खाण्यापिण्याच्या वस्तूंचं," मी म्हणायचे. तेवढं बोलताना मान खाली जायची. मला इथे समोरून विचारणारं एकच माणूस भेटलं होतं, आणि दर शनिवारी मी त्यालाच फसवत होते.

एकदा नारळ खवता खवता त्या म्हणाल्या, "तू बोलणस नाय गो, की तुका कोण बोलूक देणा नाय?"

मी म्हटलं, "माई, मीठ कुठे ठेवलंय?"

"तुझ्या हाताशीच आसा," त्या म्हणाल्या.

*

शेवटून दुसऱ्या शनिवारी माईंनी बांगड्याचं तिखलं केलं. मी फ्रापातो नेली. सिसिली बेटावरची, तिथे ती गार करून माशांबरोबर पितात. लाल वाइन आणि मासा म्हटल्यावर दादाच्या कोर्समधले सर हळहळले असते. पण तिखल्यातली त्रिफळं आणि ही वाइन यांनी एकमेकांना असं काही ओळखलं, की सागर जेवताना बोलायचाच थांबला.

माईंसमोर त्यांचं खरं कोकम होतं. त्यांनी घरून आगळाची बाटली आणली होती, कोकमाचा मीठ घातलेला रस. पाण्यात चमचाभर टाकला की झालं सरबत.

त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि ती बाटली घेऊन आल्या. टेबलाच्या मधोमध ठेवली.

"ही मी येतेवेळी आणलंय. माझ्या एकटीच्या चमच्यापुरतीच कमी झाली आसा. तुम्ही सगळे दर शनवारी कोकम पितास, मगे ह्यां येता खंयसून?"

 दादाने पेला हातात घेतला, मग ठेवला. वहिनी म्हणाली, "आई, इथे मिळतं ना, दुकानात, तयार..."

माईंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे वळल्या.

"तू सांग गो. तुझ्या पेल्यात काय आसा?"

दादा माझ्याकडे बघत होता. आयुष्यात कुणी माझ्याकडे इतक्या आशेने पाहिलेलं मला आठवत नाही. निनादने घसा साफ केला. "माई, ती..."

"तुका इचारूक नाय. तिका इचारलंय."

 निनादने खुर्ची जराशी मागे घेतली आणि तोही माझ्याकडे बघत राहिला.

मी पेला उचलून माईंच्या पुढे धरला.

"वाइन आहे, माई. इटलीची. तुमच्या तिखल्याबरोबर फार छान लागतेय. हे झालं माझ्या पेल्यातलं, बाकीच्यांचं त्यांना विचारा."