उमाजीचा राक्षस

बेंगळुरूच्या चिक्कपेठेतल्या उमाजी शिंप्याने तीस वर्षं नाटक कंपनीच्या राक्षसाला ठिगळं लावली, पण तो राक्षस समोरून कधी पाहिला नाही. खेळ चालू असताना हा बापडा सुईदोरा घेऊन विंगेत उभा. कुणाची गुंडी तुटली, कुणाचं धोतर उसवलं, की हाक त्यालाच.

बासष्ट साली राक्षसाच्या लाल मखमलीने राम म्हटला. नवी आणायला मालक विठोजी तयार नव्हते. उमाजीचेही डोळे शिणले होते, कंबर धरत होती. निदान शेवटचं एकदा मनासारखं शिवावं, आणि ते समोर बसून बघावं, एवढंच आता त्याला हवं होतं. कँटोन्मेंटच्या भंगारातून त्याने घोड्यांच्या जुन्या साजाचं चामडं आणलं. फाटलेलं फाटकंच ठेवलं, कडेने पितळी खिळे ठोकले, खांद्यावरून सायकलची साखळी सोडली. घोड्याच्या केसांचा तुरा डिंकाने ताठ उभा केला. मुकुट नाही, जरतार नाही.

शनिवारी राक्षसाचं काम करणारा यल्लाप्पा ते घालून रंगमंचावर गेला आणि एरवी खिदळणारं थेटर चिडीचूप झालं. उमाजीला विंगेतून नुसती पाठ दिसली. म्हणून रविवारी दुपारच्या खेळाला त्याने बायकोला, गोजराबाईला, विंगेत उभं केलं आणि आपण पुढच्या बाकावर जाऊन बसला.

पडदा उघडला. आली ती जुनीच मखमल, गोजराबाईच्या घाईघाईच्या टाक्यांसकट. लोक खो खो हसले.

खेळ संपल्यावर तो आत गेला. "काल देव आला तरी लोक राक्षसाकडेच बघत बसले," विठोजी कडाडले. "देवापुढे नारळ फोडायचंसुद्धा विसरले! उसवून टाक ते. नाटकातल्या शिपायांना पट्टे होतील."

उमाजी भांडला नाही. भांडायला अंगात बळ तर हवं! तो ब्लेड घेऊन खाली बसला. यल्लाप्पा तोंडाचा रंग पुसत जवळ आला.

"अण्णा, वीस वर्षं लोक मला हसतात," तो म्हणाला. "काल कुणी हसलं नाही."

उमाजीने ब्लेड खिशात टाकलं. "स्वल्प, जरासं घालून दाखवतोस का रे?"

थेटर रिकामं झालं होतं. उमाजी पहिल्या बाकावर मधोमध बसला. साखळी वाजली, यल्लाप्पा पुढे येऊन उभा राहिला. उमाजीच्या अंगावर काटा आला. त्याने डोळे भरून पाहिलं.

"सरी, झालं," तो म्हणाला, "काढ आता." आणि खिशातलं ब्लेड चाचपत उठला.