दोराचा सीन

दोरखंडाच्या दुकानात तुकडे फार उरतात. गिऱ्हाईक मागेल तितके वाव दोन्ही हात पसरून मोजून कापून द्यायचे, शेवटी हात-दीड हाताचा तुकडा राहतो. तो कुणी विकत घेत नाही आणि आपल्याला फेकवत नाही. माझ्या माळ्यावर अशा तुकड्यांची दोन पोती आहेत. किस्स्यांचंही तसंच झालंय. हे काही त्यातल्या एकाच पोत्यातले.

माझं दुकान मिरकरवाडा बंदराच्या रस्त्याला. पुढे दोर, जाळी, जाळ्यांना लावायचे तरंगते बोये. मागच्या खोलीत व्हिडिओ लायब्ररी. मी सातवी शिकलेला. इंग्रजी जे काय येतं ते कॅसेटच्या पाकिटांवरून. अठ्ठ्याण्णव सालापासून शुक्रवारी दुपारी त्या मागच्या खोलीत आम्ही चौघं बसायचो. शुक्रवार अशासाठी, की आमचे इब्राहिमभाई राजिवड्याचे नाखवे, आणि शुक्रवारी ते होडी समुद्रात घालत नसत. दुसरे लिमये सर, हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. तिसरा चंदू, वीज खात्यातला वायरमन, पोफळीहून बदली होऊन आलेला. चौथा मी, बाळशेट.

बघायचो एकच गोष्ट. सरांची एक लाडकी कादंबरी होती, तलवारबाजीची, शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची. दोन जिवलग मित्र राजाचं गुप्त पत्र घेऊन बेटावरच्या तुरुंगातून पळतात. दोन होड्या, एका दोराने एकमेकींना बांधलेल्या. पुढच्या होडीत नायक आणि पत्र, मागच्या होडीत मित्र. वादळ होतं, मागची होडी भरते आणि पुढचीलाही खाली ओढायला लागते. नायक तलवार उपसतो आणि दोर कापतो. मित्र जातो.

"सगळी कादंबरी त्या एका दोरावर उभी आहे," सर म्हणायचे.

या गोष्टीवर जगात सिनेमे पुष्कळ निघाले. आणि निघाला तो प्रत्येक सिनेमा तो सीन बदलत गेला.

*

पहिला पाहिला तो ब्लॅक अँड व्हाइट. त्यात दोर आपोआप तुटतो आणि नायक "नाही, नाही" करत रडतो. सर उठले, टीव्ही बंद केला.

"कादंबरीत तसं नाही."

चंदू म्हणाला, "सर, हिरो आहे तो. त्यानंच मित्राला मारला तर तिकीट कोण काढील?"

"मारला नाही, चंदू. दोर कापला."

"त्या मित्राला विचारा फरक काय तो."

मी आपला विषय बदलायला म्हटलं, "इतका जाडा दोर असा तुटला तर गिऱ्हाईक तो आणून माझ्या डोक्यात घालील." कुणी हसलं नाही. सुदैवानं इब्राहिमभाई तेव्हा खोलीत नव्हते. ते आधीच उठले होते.

*

इब्राहिमभाई नेहमीच आधी उठायचे. पडद्यावर ढग जमले, लाटा वाढल्या, की चपला शोधायला लागायचे.

"नमाजाची वेळ झाली. येतंव."

दोन-चार सिनेमे झाल्यावर चंदूनं हिशेब मांडला. "बाळशेट, उन्हाळ्यात नमाजाची वेळ वेगळी, थंडीत वेगळी. सिनेमा कधी दोनला लावतो, कधी तीनला. पण भाईंची वेळ बरोब्बर वादळालाच कशी होते?"

मी म्हटलं, "तू तुझ्या तारा बघ."

कारण मला माहीत होतं.

त्याच्या दोन वर्षं आधी त्यांचा धाकटा भाऊ युसुफ गेला होता. युसुफच्या छोट्या होडीचं इंजिन बंद पडलं, म्हणून इब्राहिमभाईंनी ती आपल्या होडीला बांधून ओढत आणायला घेतली. भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी वाऱ्यानं गाठलं. युसुफच्या होडीत एकटा युसुफ, इब्राहिमभाईंच्या होडीवर सहा खलाशी. दोर तुटला, युसुफ गेला. इब्राहिमभाईंनी तसं सांगितलं, सहाही खलाशांनी तसंच सांगितलं.

युसुफचा चाळिसावा दिवस झाल्यावर इब्राहिमभाई दुकानात आले. हातात त्यांच्या होडीकडे राहिलेला दोर होता, "याच जाडीचा द्या" म्हणाले. नायलॉनचा दोर ओढीनं तुटला तर पिंजारतो, शेवटाला केरसुणीसारखा होतो. हा तोंडाशी सपाट होता. कोयत्याचा एकच घाव.

"तुटला," ते म्हणाले.

"हां. कच्चा निघाला असेल," मी म्हटलं आणि वीस वाव मोजून दिले.

तो दोर त्याच मोसमात मीच नवाकोरा विकलेला होता. पुढे बंदरात बोलवा झाली की बाळशेटचा माल कच्चा. काही गिऱ्हाईकं तुटली. तुटू देत म्हटलं.

*

एकदा इब्राहिमभाईंच्या जावयानं आखातातून त्याच गोष्टीची एक कॅसेट आणली. तिकडच्या सेन्सॉरनं बाई दिसली की कात्री लावलेली. अडीच तासांचा सिनेमा सव्वा तासात आटोपला. नायक कुणासाठी लढतोय तेच कळेना. खाली अरबी अक्षरं पळत होती.

चंदू म्हणाला, "भाई, तुम्हाला अरबी येतं ना? काय लिहिलंय?"

इब्राहिमभाई म्हणाले, "वाचता येतं. समजत नाय."

सर म्हणाले, "माझ्या वर्गात तीस वर्षं सगळे तसेच होते."

त्या कॅसेटमध्ये दोराचा सीनच नव्हता. वादळ सुरू झालं आणि एकदम किनारा. नायक एकटाच चालत येतो. इब्राहिमभाई चपला घालून दारात उभे होते, ते तिथून वळून बघत राहिले.

"हा बरा," म्हणाले.

*

हिंदीवाल्यांनी तर मित्राला मरूच दिला नाही. शेवटच्या रिळात दाढी वाढवून तो परत येतो, दोघं गळ्यात गळा घालतात. आता सर टीव्ही फोडणार म्हणून आम्ही तयारीत. त्यात लाइट गेली. लाइट गेली की आम्ही सगळे न बोलता चंदूकडे बघायचो, जणू त्यानंच खिशात घालून ठेवली आहे. त्या दिवशी चंदू डोळे पुसत होता.

"लाइट मी नाही घालवली," म्हणाला, "पण देवानं वेळेवर घालवली."

दोन हजार तीनच्या पावसात चंदू खांबावर चढला तो खाली जिवंत आला नाही. सदतीस वर्षांचा होता. त्याचं स्टूल मी हलवलं नाही. पुढेही लाइट गेली की आम्ही तिघं त्या स्टुलाकडे बघायचो.

*

सरांनी त्या कादंबरीचं मराठी भाषांतर केलं होतं. छापलं कुणीच नाही. दोनशे पानी सहा वह्या, शाईनं लिहिलेल्या. चंदू गेला त्याच पावसाळ्यात, होड्या वर ओढलेल्या असताना, इब्राहिमभाईंनी त्या वाचायला मागितल्या. सरांना इतका आनंद झाला की वह्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून स्वतः राजिवड्यात पोचवून आले.

नारळी पौर्णिमेला इब्राहिमभाईंनी वह्या दुकानात परत आणल्या.

"शेवटची वही राहिली, सर. डोळे साथ देत नायत."

डोळ्यांचं खोटं नव्हतं. काचबिंदू होता, उशिरा कळला. सर म्हणाले, "शेवट मी सांगू का तोंडी?"

"नको. असू दे."

सरांनी वह्या मोजून पिशवीत घातल्या. घरी परतताना वाटेत मला म्हणाले, "बाळशेट, शेवटच न वाचणारा वाचक मला पहिल्यांदाच भेटला."

मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

*

मग सीड्या आल्या, केबल आली, लायब्ररी बसली. मागच्या खोलीत मी जाळी भरून ठेवली. एक टीव्ही आणि चार बसायच्या जागा तेवढ्या राखल्या. इब्राहिमभाईंची दृष्टी पुरती गेली. होडी विकली. पण शुक्रवारी नात हाताला धरून आणून सोडायची. ते बसायचे आणि सर पडद्यावर काय चाललंय ते सांगायचे. "आता घोडे. आता तटबंदी. आता हा हसतोय, पण कपटी हसतोय."

दोन हजार सहाच्या हिवाळ्यात सरांच्या पुण्याच्या पुतण्यानं एक डीव्हीडी पाठवली. परदेशी टीव्हीवर झालेली मालिका, चार भाग. सरांनी आधी घरी एकट्यानं पाहिली होती. आले ते सणाला निघाल्यासारखे, इस्त्रीचा सदरा घालून.

"बाळशेट, जन्मात पहिल्यांदा कुणीतरी कादंबरी वाचून सिनेमा काढलाय. शब्द न् शब्द. टोपीचं पीससुद्धा."

तीन भाग झाले. चौथ्यात ढग जमले. वाऱ्याचा आवाज सुरू झाला. मी इब्राहिमभाईंच्या चपला पायाशी सरकवल्या.

"र्‍हाऊ दे, बाळशेट," ते म्हणाले. "आज बसतंव."

सर सांगत होते. दोन होड्या. मध्ये दोर. मागची भरतेय. मित्र काही ओरडतोय, वाऱ्यात ऐकू येत नाही. मग त्या सीनमध्ये बोलणंच संपलं, नुसता वारा आणि पाणी. मला पडदा दिसत होता. नायकानं मागे बघितलं. तलवार काढली. हात वर गेला.

सर थांबले. ज्या माणसानं आठ वर्षं एका पिसासाठी आमच्याशी भांडण केलं, तो पडद्याकडे बघत होता आणि बोलत नव्हता.

"काय झालं?" इब्राहिमभाईंनी विचारलं.

तलवार खाली आली. दोराचं टोक पाण्यात गेलं.

"दोर..." सर म्हणाले. "दोर तुटला, इब्राहिमभाई. आपोआप तुटला. त्याचा इलाज नव्हता."

वारा वाजत राहिला. इब्राहिमभाईंनी हात पुढे केला, चाचपत सरांचा गुडघा शोधला आणि त्यावर ठेवला.

"सर," ते म्हणाले, "कादंबरीत तसं नाय."