मॅनेजर बदलायला हवा

सांगतो, पण एका अटीवर. हसायचं ते इथेच हसून घ्या, गोष्ट पुढे पोचवायची नाही. माझं एक वाक्य असंच एकदा पुढे पोचलं होतं, त्याचाच हा किस्सा.

तेव्हा आम्ही अमेरिकेत, बॉस्टनजवळ श्रूजबरीला राहायचो. डॉटकॉमचा फुगा फुटला होता, ले-ऑफच्या बातम्या रोज कानावर यायच्या आणि माझा एच-वन व्हिसा संपत आला होता. ग्रीन कार्डाच्या अर्जाला मॅनेजरचं पत्र लागत होतं. आमचे मॅनेजर पाटणकर सर, पुण्याचे, अगदी भला माणूस. "या आठवड्यात सही करतो," म्हणाले होते. त्या एका सहीवर आमचा सगळा संसार अडकला होता.

पण खरं सांगू? त्या एप्रिलमध्ये मला पत्रापेक्षा जास्त काळजी होती ती बॉस्टनच्या बेसबॉल टीमची. टीव्हीवर क्रिकेट दिसायचं नाही म्हणून पहिल्या वर्षी बेसबॉल बघायला लागलो आणि त्यात जीव कधी अडकला ते कळलंच नाही. आणि आता सीझन नुकताच सुरू झालाय, तर यांनी हरायचा सपाटाच लावलेला. पिचर, म्हणजे आपले बोलर, ढेपाळलेले, बॅटिंगचा पत्ता नाही. मला जेवण जाईना.

"अजून दीडशे मॅचेस आहेत ना?" मेधा, माझी बायको, म्हणायची. "सप्टेंबरपर्यंत चालतं हे. आत्तापासून सुतक कशाला?"

आता हिला कसं समजवायचं? सप्टेंबरात काय होणार, ते एप्रिलमध्येच पोटात कळतं. माझं तर निदानसुद्धा झालं होतं. चूक मॅनेजरची. बेसबॉलमध्ये टीमच्या कोचला मॅनेजर म्हणतात, तेवढं फक्त लक्षात ठेवा.

एका सकाळी ऑफिसच्या पॅन्ट्रीतून मी सुहासला फोन लावला. हा माझा मित्र, माझ्यासारखाच या टीमपायी झुरणारा. म्हटलं, "सुहास, मॅनेजरला काढल्याशिवाय आपलं काही खरं नाही. बघच तू, मे महिना काढत नाही तो."

फोन ठेवून वळलो तर मागे वानखेडे. नागपूरहून नुकताच आलेला, आमच्याच प्रोजेक्टवर. हातातली कॉफी तशीच.

"पक्की खबर आहे का भाऊ?"

मला बरं वाटलं. चला, पोराला बेसबॉलची गोडी लागली. "पक्कीच समज. बॉस्टनमध्ये सगळे हेच बोलतायत."

आमचं हेड ऑफिसही बॉस्टनलाच होतं, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

"मंग आपलं कसं होईन?"

"आपलं काय? रडत बसायचं," मी म्हटलं आणि जागेवर जाऊन बसलो.

दोन दिवसांत ऑफिसचा नूरच पालटला. कुणी कुणाशी बोलेना. प्रिंटरवर रेझ्युमे पडलेले दिसायला लागले. आणि मी? मला वाटत होतं, टीम हरतेय म्हणून बिचारे सगळे दुःखात आहेत. किती आपुलकी वाटली मला त्या लोकांबद्दल.

मग पाटणकर सरांनी बोलावलं. मी पत्र न्यायला म्हणून गेलो.

"दार लाव मिलिंद. बॉस्टनचं तुला काय कळलंय?"

"सर, तुम्हीसुद्धा?"

"मी नाही तर कोण? दोन रात्री झोप नाही मला."

"मलापण नाही सर. मेधा वेड्यात काढते."

"स्पष्ट सांग. राग मानणार नाही."

असं कुणी कधी विचारतं का हो? मी खुर्ची पुढे ओढली. "माणूस वाईट नाही सर. पण आता वय झालंय. दमलेल्यांनाच राबवतो, नव्यांना बसवून ठेवतो. निर्णय घ्यायची वेळ आली की नुसता डोकं खाजवतो."

सरांचा डोक्याकडे गेलेला हात हळूच खाली आला.

"त्या जागेवर कुणाला आणणार म्हणतायत?"

"कुणालाही आणा सर. आमची मेधासुद्धा बरं चालवेल."

सर पाणी प्यायले. थँक्यू म्हणाले. पत्राचा विषय काढायचा राहूनच गेला. सरांशी एवढं मोकळं बोलणं झालं म्हणून मी मात्र खुशीत घरी आलो.

शुक्रवारी त्यांनी सगळ्यांना एकत्र बोलावलं. "कुणी काढण्याआधी मीच जातोय. दुसरीकडे जॉब मिळालाय. मिलिंदने तोंडावर खरं सांगितलं, त्याचे आभार."

मी त्यांच्या मागे धावत गेलो. "सर, मी बेसबॉलचं बोलत होतो!"

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "असू दे रे, सारवासारव नको. आणि ते पत्र आता नवीन माणूस देईल. मी राजीनामा दिलाय, माझी सही चालणार नाही."

घरी सांगितल्यावर मेधाने आधी गॅस बंद केला. मग शांतपणे म्हणाली, "माझं नाव कशाला घेतलंस?"

नवा मॅनेजर आला तो न्यूयॉर्कचा. बेसबॉलमध्ये न्यूयॉर्कवाले म्हणजे आमचे जन्माचे वैरी. त्याने माझं पत्र वाचलं, पेन उघडलं आणि विचारलं, "बेसबॉल बघतोस?" मागच्या कपाटावर न्यूयॉर्कच्या टीमच्या टोप्यांची रांग होती.

"नाही," मी म्हटलं. "आम्ही क्रिकेटवाले."

त्याची कळी खुलली. पेन पुन्हा बंद झालं. "मग मी शिकवतो. शनिवारी बॉस्टनला आमचीच मॅच आहे, जास्तीचं तिकीट आहे. सही सोमवारी करू." आणि एक टोपी माझ्या हातात ठेवली.

नाही कसं म्हणणार? शनिवारी ती टोपी घालून बॉस्टनच्या मैदानात बसलो. आजूबाजूला सगळी आपली माणसं, आणि सगळी मलाच शिव्या घालतायत. त्यातून आमची टीम त्याच दिवशी खेळली. काय खेळली म्हणून सांगू, न्यूयॉर्कला धुवून काढलं. सगळं मैदान नाचत होतं, आणि मी एकटा पडेल चेहऱ्याने नव्या साहेबाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होतो, "होतं असं सर. अजून दीडशे मॅचेस आहेत."