आईच्या नावानं घेतलेली गाडी

आमची जुनी छोटी गाडी विळद घाटात धापा टाकायला लागली, तेव्हा नवी गाडी घ्यायचं ठरलं. घ्यायची तर सेडानच, यावर माझं आणि माझ्या नवऱ्याचं लगेच एकमत झालं. कारण आम्ही दोघंही सगळ्यांना एकच सांगत होतो : आता आई आमच्याकडे असते, तिला मागे ऐसपैस बसता आलं पाहिजे.

वडील गेल्यावर आई जामखेडच्या पुढच्या आमच्या गावाहून नगरला, सावेडीतल्या आमच्या फ्लॅटवर राहायला आली. आम्ही दोघी बहिणीच. धाकटी नाशिकला एका खोलीत संसार करते, म्हणून आई माझ्याकडे. जावयाच्या घरात राहणं तिला कधी अंगवळणी पडलं नाही. चहा नको असला तरी ती घ्यायची. टीव्हीवर आम्ही लावू ते बघायची. तिला काही विचारलं की उत्तर ठरलेलं, "तुमी म्हनाल तसं." मला हे सोयीचं वाटत असे, हे आता कळतं. तेव्हा वाटायचं, माझी आई किती समजूतदार.

दोन गाड्या आमच्या मनात भरल्या होत्या. पुणे रस्त्यावर दोन्हींची शोरूम जवळजवळ होती. नवऱ्याला आवडलेल्या गाडीचं इंजिन दमदार. तो एमआयडीसीत मशिन्सच्या देखभालीचं काम बघतो, त्याला इंजिनाचा आवाज ऐकूनच आनंद होतो. मला आवडलेली गाडी आतून शांत होती. काचा लावल्या की बाहेरचं जग बंद. मी रोज राहुरीला कॉलेजात शिकवायला जाते. उसाच्या हंगामात त्या रस्त्यावर ट्रॉल्यांच्या मागे रांगत जावं लागतं, आणि रोज संध्याकाळी मी भणभणतं डोकं घेऊन घरी यायचे. त्या गाडीत पहिल्यांदा बसले तेव्हा वाटलं, दिवसातला एवढा वेळ तरी आपला एकटीचा होईल.

पण हे मी नवऱ्याला सांगितलं नाही. मी म्हणाले, "हिची मागची सीट बघा. आईला केवढा आराम."

तो म्हणाला, "माझ्या गाडीचीही मागची सीट चांगलीच आहे. जरा कडक आहे, पण मामींच्या कमरेला कडकच बरी." तो आईला मामी म्हणतो.

एका रविवारी आम्ही आईला घेऊन दोन्ही गाड्या चालवून बघायला गेलो. आईनं ठेवणीतलं नऊवारी लुगडं नेसलं होतं. आधी नवऱ्याची गाडी. आई मागे बसली, आम्ही पुढे. केडगावच्या पुढे जाऊन वळलो. नवऱ्यानं आरशात बघत विचारलं, "मामी, कसं वाटतंय?"

"चांगलं हाय की."

मग माझी गाडी. तोच रस्ता. मी विचारलं, "आई, ही कशी आहे?"

"ही बी चांगली हाय."

उतरताना तिला वेळ लागला. तिनं आधी एक पाय बाहेर टाकला, दाराची कड धरली, मग पुन्हा आत सरकली. शोरूममधल्या बाईंनी हात पुढे केला, तो धरून ती उठली. आम्ही तेव्हा मागची डिकी उघडून तिच्यात किती बॅगा मावतील यावर वाद घालत होतो. मी हे सगळं डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं होतं. बघितलंच नाही असं म्हणायची सोय मला नाही.

शोरूमच्या दाराशी एक उंच गाडी दार उघडं ठेवून उभी होती, जीपसारखी. आई तिच्याजवळ जाऊन थांबली. तिनं सीटवर हात ठेवून बघितला. सीट बरोबर तिच्या कमरेला येत होती.

"ही कसली गाडी?" तिनं विचारलं.

नवरा हसून म्हणाला, "मामी, ही खडकाळ रस्त्याची. आपल्याला शहरातली पाहिजे."

"व्हय व्हय," आई म्हणाली आणि हात काढून घेतला. मीही हसले होते.

नंतर बरेच दिवस घोळ चालला. जेवताना गाडी, चहा घेताना गाडी. नवरा हट्टी नाही, पण या वेळी तो मागे हटेना. आयुष्यात एकदाच अशी गाडी घेणार, त्याचंही मन होतं. शेवटी एका सकाळी, तो कामावर निघताना, मी म्हणाले, "आई काल म्हणत होती, दुसऱ्या गाडीची सीट मऊ होती. तिला तीच आवडली. तुमच्यापुढे बोलायला लाजते ती."

आई असं काही म्हणाली नव्हती.

नवरा दारात थांबला. बूट घालता घालता म्हणाला, "मामींना आवडली असेल तर विषयच संपला." आणि त्यानंतर त्यानं आपल्या गाडीचं नावसुद्धा काढलं नाही.

गाडी आली. आईनं बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं, पेढा ठेवला. सोसायटीतल्या बायकांना मी सांगितलं, "आईसाठी घेतली." आई शेजारी उभी राहून हसत होती.

त्यानंतर आई बाहेर पडेनाशी झाली. एकदम नाही, हळूहळू. देवळात जायचं म्हटलं की तिला स्वयंपाक उरकायचा असे. दवाखान्यात जायचं तर म्हणे, "तू कशाला कॉलेज बुडवती, मी रिक्षानं जाते." एका लग्नाला सगळे निघालो, आई साडी नेसून तयार झाली आणि ऐन वेळी म्हणाली पोटात कसंतरी होतंय. मला राग यायचा. एकदा बोलून गेले, "एवढी गाडी तुझ्यासाठी घेतली आणि तुला तिच्यात बसायचंच नसतं." त्या दिवशी देवळात आली आमच्याबरोबर. येताना जिन्यात दोनदा थांबली. वय झालं, असं मी मनाला सांगितलं.

जामखेडच्या पुढच्या त्याच गावात आईची धाकटी बहीण आहे, माझी मावशी. दोघी रोज दुपारी फोनवर बोलतात. पाऊस, लाईट, कुणाची म्हैस व्याली. त्या हिवाळ्यात मावशी पडली आणि तिचा खुबा मोडला. ऑपरेशन होऊन ती घरी आली. मी आईला म्हणाले, "या रविवारी जाऊ." आई म्हणाली, "अंग कणकणतंय, पुढच्या रविवारी." पुढच्या रविवारी गुडघ्याला तेल लावून बसली. तिसऱ्यांदाही असंच काहीतरी. माझे पेपर तपासायचे पडले होते, आणि ती नाही म्हणाली की मला आतून बरंच वाटायचं. बहीण अंथरुणाला खिळली आहे आणि आई जायचं टाळते, याचं नवल वाटलं नाही असं नाही. पण मी खोलात शिरले नाही.

एका दुपारी कॉलेजातून परतले तर दाराला कुलूप. किल्ली शेजारच्या काकूंकडे. त्या म्हणाल्या, "आई पिशवी घेऊन गेल्या की माळीवाड्याच्या स्टँडला. जामखेडची एसटी धरते म्हणाल्या. तुम्हाला माहीत नाही?"

मी फोन लावला. मावशीच्या घरातून आईचाच आवाज आला. "पोचले ग नीट. तुला कामात कशाला तरास." आवाज इतका मोकळा होता की मी जास्तच चिडले. दारात गाडी असताना माझी आई एसटीनं जाते, लोक काय म्हणतील, असले विचार डोक्यात होते. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. आम्ही दोघं सकाळीच तिला आणायला निघालो.

पोचलो तेव्हा ऊन ओसरीवर आलं होतं. मावशी बाजेवर उशीला टेकून बसली होती आणि आई तिचे केस विंचरत होती. दोघी कशावरून तरी हसत होत्या. आम्हाला बघून आईनं फणी खाली ठेवली आणि लगेच उठायला लागली, जशी घरी उठते तशी, सावरून.

मी आल्या आल्या सुरू केलं. "आई, सांगून जायचं तरी. गाडी काय शोभेला आणलीय?"

आई म्हणाली, "आता बसा तर खरं, पानी घ्या." आणि ती पाण्याला आत गेली.

नवरा बाहेर हात धूत होता. मावशीनं मला हातानं जवळ बोलावलं.

"तिला नको बोलूस," ती हळू म्हणाली. "तुमच्या गाडीत तिला बसता येतंय, पर उठता येत न्हाई."

"म्हणजे?"

"खाली हाय ना ती लई. गुडघं वर येत्यात. उठायला धरायला कायबी न्हाई. मऊ हाय म्हनं सीट, मानूस आत जातंय. जावयाला किती डाव म्हनावं, मला वढून काढा? तिला लाज वाटती. एसटीत दांडा हाय, धरून चढती, धरून उतरती. कंडक्टर थांबतो."

मावशीनं विचारलं, "तुला सांगितलं न्हाई तिनं?"

"नाही."

"मग मी बी सांगितलं न्हाई," मावशी म्हणाली आणि उशीला टेकली.

परत निघताना नवरा गाडी अगदी ओसरीच्या पायरीला लावायला निघाला. मी त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "तुम्ही गाडी घेऊन पुढे व्हा. मी आईला एसटीनं आणते." त्यानं माझ्याकडे बघितलं. मावशी काय म्हणाली ते मी दोन वाक्यांत सांगितलं. तो गाडीकडे बघत राहिला, मग मान हलवून बसला आणि निघून गेला.

गावातून रिक्षानं जामखेडच्या स्टँडवर आलो, तिथं गर्दी होती. आईनं आधी डाव्या हातानं दांडा धरला, पिशवी माझ्याकडे दिली, मग उजवा पाय वर. मी मागे उभी होते, पण तिला माझी गरज पडली नाही. आम्हाला दाराजवळची सीट मिळाली. आष्टी मागे पडेपर्यंत मी खिडकीतून बाहेर बघत होते. मग म्हणाले, "आई, मी एक खोटं बोलले होते. गाडी ठरली तेव्हा. तुला ती सीट आवडली असं मी ह्यांना सांगितलं होतं. तू तसं म्हणाली नव्हतीस."

आई शांतपणे म्हणाली, "मला म्हाईत हाय."

"कसं?"

"पाव्हन्यांनी मला विचारलं हुतं. त्याच दिवशी संध्याकाळी. मामी, तुम्हाला ती गाडी आवडली का म्हने. मी म्हनले, व्हय."

"का म्हणालीस?"

तिनं पदर नीट केला. "तू खोटी पडली असतीस ना. माझ्यापायी तुमच्यात कशाला वाकडं."

एसटी कडा गावाला थांबली. माणसं उतरली, चढली. एका बाईची टोपली आईनं पायाशी सरकवून घेतली आणि तिच्याशी बोलायला लागली, कांदा काढला का, मजूर मिळतात का. माफी मागायची राहून गेली, हे एका परीनं बरंच झालं. मागितली असती तर तिनं तीही "बरं बरं" म्हणून घेतली असती, चहासारखी.

माळीवाड्याला उतरलो तर नवरा रिक्षा थांबवून उभा होता. गाडी घरी लावून आला होता. "मामी, या," एवढंच म्हणाला.

घरी आई आत गेल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं तो रागावेल. तो म्हणाला, "मी विचारलं तेव्हा त्या मेथी निवडत होत्या. मान वर न करता व्हय म्हणाल्या. माझ्या लक्षात आलं होतं काहीतरी. पण रोजची कटकट संपत होती, मी पुढे विचारलं नाही."

गाडी बदलायचं बोलणं झालं. आईनंच मोडून काढलं. नवऱ्यानं सीटकव्हर शिवणाऱ्याकडून पुढच्या सीटसाठी कडक फोमची जाड गादी करून आणली. तिच्यावर बसून आई थोडी उंच होते आणि दारावरच्या मुठीला धरून उठते. दवाखान्यापर्यंत जमतं. जामखेडला मात्र ती एसटीनंच जाते. मला सुट्टी असली की मी बरोबर जाते. नसली की ती एकटी जाते आणि पोचल्यावर फोन करते. मावशी आता काठी घेऊन ओसरीपर्यंत येते.

राहुरीच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या पुन्हा सुरू झाल्या आहेत. मी काचा लावते आणि आवाज बंद होतो. गाडी खरंच फार चांगली आहे. मला ती अजूनही आवडते, आणि तिच्यात बसताना मी मागच्या सीटकडे वळून बघत नाही.