गॅरंटीतले गुलमोहर

शाळा सातवीतच सुटली. पुढे पोटासाठी लातूरकडून मुलुंडला आलो, तेव्हा बागकामाच्या एका ठेकेदारानं मला उभं केलं. आम्ही त्याला शेठ म्हणायचो. एका नव्या सोसायटीच्या पंपरूममध्ये त्यानं मला झोपायला जागा दिली. काम एकच, कंपाउंडच्या कडेनं लावलेले गुलमोहर जगवायचे. शेठची वर्षभराची गॅरंटी होती. झाड मेलं तर पदरमोड करून दुसरं द्यायचं. झाडं गेली तर आपलीही वळकटी रस्त्यावर, हे मला कुणी सांगायला नको होतं.

थंडी सरली आणि गुलमोहरांनी पानं टाकली. त्या दिवसांत टाकतातच. पण सेक्रेटरी साहेबांनी खिशातून किल्ली काढून खोडाची साल खरवडली. आत हिरवं दिसलं, म्हणजे झाड जिवंत. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा, जरा वरच्या बाजूला. मग तळमजल्यावरच्या काकू भाजी आणता आणता नखानं बघायला लागल्या. वॉचमनही खरवडायचा. त्याचा मेव्हणा कामाच्या शोधात होता, म्हणून माझं लक्ष त्याच्यावरच जास्त.

"काकू, नका ना. साल गेली तर झाड जाईल."

"तू का एवढा घाबरतोस रे? मेलंय वाटतं?"

शेवटी मी जखमांना शेणमातीचा लेप दिला आणि खोडांना गोणपाट गुंडाळलं. संध्याकाळी साहेब आले.

"जिवंत झाडाला कफन? काय लपवतोयस?"

"काही नाही साहेब, लेप सुकेपर्यंतच."

"मग एक तरी उघडं ठेव. आम्हाला बघायला नको?"

गेटजवळचं उघडं ठेवलं. नाही म्हणायची माझी काय टाप! मग येणारा-जाणारा त्यालाच खरवडायला लागला. खोडाला सगळीकडून सालीचं कडंच निघालं. उन्हाळ्यात बाकीच्यांना पालवी फुटली. ते मात्र वाळलं.

गॅरंटी संपायच्या आधी शेठ बघायला आला. साहेब म्हणाले, "एक मेलं. नवं लावा, आणि त्याची गॅरंटी आजपासून." शेठला मान हलवावीच लागली. माझा जीव भांड्यात पडला. नवं झाड म्हणजे पंपरूम अजून वर्षभर. ते तोंडावर दिसलं असावं. शेठनं मला बाजूला घेतलं.

"बाकीच्यांना गोणपाट, आणि हेच का उघडं रे?"

"साहेबांनी ठेवायला लावलं, शेठ."

शेठनं वळून विचारलं. साहेब म्हणाले, "मी? मी कशाला सांगू? माळी तुमचा."

वॉचमन तिथंच उभा होता. त्या संध्याकाळचं साहेबांचं बोलणं त्यानं ऐकलेलं. तो गेट उघडायला निघून गेला.

शेठनं मला काढलं नाही. दुसऱ्या दिवशी रोप पाठवलं, सोबत गोणपाटही. तो उपकार मी विसरलेलो नाही. पण त्यानंतर सोसायटीत आला की तो खोडाचं गोणपाट स्वतः सोडायचा, आत बघायचा आणि पुन्हा स्वतःच बांधायचा. मी शेजारी उभा असलो तरी सुतळी माझ्या हातात देत नसे.